बिघाडाचे व्याकरण

'अपभ्रंश' हा शब्द व्याकरणकारांनी आधी दोष दाखवण्यासाठी योजला. एका शुद्ध शब्दामागे अनेक अपभ्रंश असतात, असे पतंजलीने 'महाभाष्या'त सोदाहरण सांगितले आहे. पुढे काही शतकांनी हेच नाव एका काव्यभाषेला मिळाले आणि मराठीच्या पूर्वेतिहासाचा विचार तिला वगळून करणे अशक्य झाले. दोषाचे नाव भाषेचे नाव व्हावे, ही घटना साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. विसाव्या शतकात विजेवर चालणाऱ्या गिटारच्या बाबतीत असेच काहीसे घडले. तेथे या परिवर्तनाच्या पायऱ्या सनावळीनिशी पाहता येतात, म्हणून तो इतिहास येथे मांडावा असे आम्हांस वाटले.

ध्वनिवर्धक बनवणाऱ्यांचा आदर्श एकच होता: आत येईल तेच, फक्त मोठे होऊन, बाहेर पडावे. या आदर्शाला पहिले तडे अपघाताने गेले. १९५१ साली मेम्फिस येथे 'रॉकेट ८८' या गीताच्या ध्वनिमुद्रणाआधी गिटारचा ॲम्प्लिफायर नादुरुस्त झाला. सॅम फिलिप्स यांनी स्पीकरमध्ये कागद कोंबून काम निभावून नेले. १९५८ च्या 'रम्बल'साठी लिंक रे यांनी स्पीकरच्या पडद्याला मुद्दाम भोके पाडली, तर १९६४ साली लंडनमध्ये 'द किंक्स'च्या डेव्ह डेव्हिस यांनी तो पडदा पात्याने कापला. अपघाताकडून हेतूकडे झालेला हा प्रवास अवघ्या तेरा वर्षांचा आहे.

परंतु निर्णायक घटना नॅशव्हिल येथील आहे. मार्टी रॉबिन्स यांच्या, १९६१ साली गाजलेल्या 'डोन्ट वरी' या गीताच्या ध्वनिमुद्रणात ग्रेडी मार्टिन बास गिटार वाजवत असताना मिश्रण-यंत्रातील एक भाग बिघडला आणि स्वर घोगरा, भुंग्यासारखा उमटला. तो तुकडा काढून न टाकता तसाच ठेवण्यात आला. लोकांना तो आवडला. इतर वादकही त्याच आवाजाची मागणी करू लागले. तोवर तो बिघडलेला भाग पुरता निकामी झाला होता. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांच्यापुढे मग एक विलक्षण काम उभे राहिले: बिघाडाची दुरुस्ती नव्हे, तर त्याची पुनर्रचना. त्यांनी व रेव्हिस हॉब्स यांनी ट्रान्झिस्टर वापरून तो आवाज काढणारे सर्किट रचले, आणि १९६२ साली गिब्सन कंपनीने ते 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने पायाने दाबण्याच्या पेटीत विक्रीस आणले.

जाहिरातीत मात्र कंपनीने बिघाडाचे नाव घेतले नाही. ही पेटी गिटारमधून तुतारीसारख्या पितळी वाद्यांचे आवाज काढते, असे सांगितले. सुरुवातीचा खप बेताचाच राहिला. १९६५ साली कीथ रिचर्ड्स यांनी 'सॅटिस्फॅक्शन'साठी ती वापरली, तीही पुढे पितळी वाद्यांनी वाजवावयाच्या ओळीचा कच्चा खर्डा म्हणून. तो खर्डाच अखेर प्रसिद्ध झाला. अनुकरणासाठी आणलेला आवाज त्या दिवसापासून मूळ आवाज ठरला.

हा आवाज कसा निर्माण होतो? तारेच्या कंपनाची विद्युत्-लहर सर्किटच्या मर्यादेपलीकडे वाढवली की तिचे माथे आणि तळ सपाट छाटले जातात. या छाटणीतून वादकाने न वाजवलेले अधिस्वर जन्मतात. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीच्या घडणीतून अधिस्वरांची समृद्धीच साधत असतो. तंत्र निराळे, पण निर्मळ स्वरापेक्षा भरलेला स्वर हवासा वाटणे हे दोन्हीकडे समान आहे. मात्र येथे आणखी एक गोष्ट घडते. दोन स्वर एकत्र छाटले गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही ऐकू येतात. षड्ज-पंचमाचे प्रमाण २:३. त्यांतील फरक १, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्जच. ही जोडी म्हणून छाटणीत अधिक भारदस्त होते. गांधार घातला तर मात्र गढूळपणा येतो. रॉक संगीताने षड्ज-पंचमाच्या जोडीवर एवढा भर का दिला, याचे एक महत्त्वाचे कारण येथे सापडते. बिघाडाने केवळ आवाज बदलला नाही, रचनाही बदलली.

आता एक सर्किट संहितेसारखे वाचून पाहू. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये सुसुमु तामुरा यांनी आखलेले 'ट्यूब स्क्रीमर' हे या क्षेत्रातले अभिजात उदाहरण. त्यात वर्धकाच्या परतीच्या वाटेवर दोन सिलिकॉन डायोड एकमेकांच्या उलट दिशेने बसवलेले असतात. लहर सुमारे ०.६ व्होल्टच्या पुढे गेली की ते वाट मोकळी करतात आणि वर्धन आपोआप घटते. छाटणीची कड त्यामुळे गोलसर राहते. 'बॉस डीएस-१' (१९७८) मध्ये डायोड वर्धकाच्या पुढे, जमिनीकडे नेणाऱ्या वाटेवर आहेत, म्हणून तेथे छाटणी कठोर होते. भाग तेच, स्थान निराळे, आणि अर्थही निराळा.

ट्यूब स्क्रीमरमध्ये ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर अशी जोडी आहे. तिच्यामुळे ७२० हर्ट्झच्या खालच्या स्वरांचे वर्धन क्रमाक्रमाने कमी होत जाते. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची; अर्थात तिचा खर्ज फारसा वाढवला जात नाही. हा या पेटीचा दोष असे अनेकांचे मत आहे, आणि कपॅसिटर बदलणे हा हौशी मंडळींचा आवडता उपाय. आम्हीही, याच सर्किटवर बेतलेली आमची पेटी उघडून, तेथे ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डाख दिला. मर्यादा १५४ हर्ट्झवर उतरली. खोलीत एकट्याने वाजवताना आवाज भव्य वाटला. पण बास आणि तबला साथीला येताच गिटार जणू नाहीशी झाली. आम्ही ज्याला उणीव समजत होतो ती इतर वाद्यांसाठी राखलेली जागा होती. पुढे ०.१ वर, म्हणजे सुमारे ३४० हर्ट्झवर, आमचा समझोता झाला. काढलेला मूळ भाग आम्ही किंमत लिहून जपून ठेवला आहे.

या क्षेत्रातही मूळ प्रतीचे वेड आहे. 'टीएस-८०८' या जुन्या आवृत्तीसाठी संग्राहक मोठी रक्कम मोजतात. तिच्यात आणि नंतरच्या 'टीएस-९' मध्ये सर्किटच्या दृष्टीने मुख्य फरक आहे तो निर्गमावरच्या दोन रेझिस्टरांचा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती प्रचलित पाठ पारखून. आम्ही मात्र आधी डाख दिला आणि अर्थ नंतर शोधला. दोष कोणता आणि हेतू कोणता, हे एकट्याने वाजवताना आम्हांस कळले नव्हते. सर्वांसोबत बसल्यावर कळले.