पेशव्यांच्या ख्रिस्ती शिपायाचा कोट कोणत्या रंगाचा?

संशोधनाचा प्रश्न किती लहान असावा, असं तुम्ही विचारता ना? मग हा घ्या: १७९२ सालच्या पुण्यात पेशव्यांच्या चाकरीत असलेल्या ख्रिस्ती शिपायाच्या कोटाचा रंग कोणता होता?

प्रश्न माझा नाही, वारज्यात आमच्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या एका काकांचा आहे. ते त्यांच्या चर्चच्या पॅरिश कौन्सिलवर आहेत आणि उरलेल्या वेळात ५४ मिलिमीटर उंचीचे ऐतिहासिक सैनिक रंगवतात. उरलेला वेळ म्हणजे काय, ते कौन्सिलवर असलेल्या कुणालाही विचारा! छपराची गळती, सणाची तयारी, कुणाच्या तरी लग्नाचे कागद.

आधी इतिहास बघू. सवाई माधवरावांच्या काळात पेशव्यांच्या सैन्यात गोव्याकडचे ख्रिस्ती लोक होते. दों मिगेल द नोरोन्या या पोर्तुगीज अधिकाऱ्याने त्यांच्या प्रार्थनेसाठी जागा मागितली, पेशव्यांनी जमीन दिली, आणि १७९२ मध्ये चर्च उभं राहिलं. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च ते हेच. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे असतात, तोफा असतात, वाघसुद्धा असतो. हा शिपाई मात्र कुठेच नसतो. काकांना तो तिथे हवाय.

आता पुरावा. तुम्ही पटकन म्हणाल, त्या काळातली चित्रं बघा की. बघितली. पुणे दरबाराचं प्रसिद्ध चित्र १७९० च्या तहाचं आहे, पण थॉमस डॅनिएलने ते पूर्ण केलं १८०५ मध्ये, लंडनमध्ये. तो त्या दरबारात नव्हता. त्याने वापरली जेम्स वेल्सची रेखाटनं, आणि वेल्स मुंबईत उतरला १७९१ मध्ये, म्हणजे तह होऊन गेल्यावर! वेल्सने नंतर पुण्यात राहून माणसं समोर बसवून काढली, त्यामुळे चेहऱ्यांबाबत चित्राला वजन आहे. पण तो दरबार आहे, छावणी नाही. साध्या शिपायाला समोर कोण बसवणार? शिवाय मी सायन्सची, म्हणून सांगते: जुन्या चित्रातला रंग म्हणजे मूळ रंग नव्हे. सेंद्रिय लाल रंग उजेडाने फिके पडतात, शेंदूर काळवंडू शकतो. चित्रावरून रंगाची बाटली निवडणं धोक्याचं.

दुसरा मार्ग चर्चच्या नोंदवह्यांचा. लग्न आणि बाप्तिस्मा लिहून ठेवायची सक्ती ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये केली. अशा वहीत बाळाचं नाव, आईवडील, धर्मपिता-धर्ममाता, तारीख आणि पाद्रींची सही मिळते. राजकीय इतिहासात ज्याची ओळही नाही, त्याचं अख्खं कुटुंब तिथे सापडू शकतं. कोट नाही सापडत.

इथे काकांची दोन्ही कामं एकमेकांत मिसळली. मध्यंतरी ते कौन्सिल सोडायच्या बेतात होते. डोळे आहेत तोवर रंगवून घेतो म्हणाले. मग त्यांनी जुन्या वह्यांची यादी करायचं काम मागून घेतलं. कौन्सिल सल्ला देतं, वह्यांची जबाबदारी फादरांची, त्यामुळे परवानगीला वेळ लागला. आता मंगळवार वह्यांचा, आणि रंगकाम बैठकीच्या दिवशीही होतं: ॲक्रिलिकचा पातळ हात वीसेक मिनिटांत वाळतो, तेवढ्यात इतिवृत्त लिहून होतं. मला हे वेळेचं गणित कुठल्याही प्लॅनर ॲपपेक्षा पटलं. तरी काकूंचं मत वेगळं आहे, तेही नोंदवते.

शिपाई अजून अर्धाच झालाय. चेहरा, बंदूक, पट्टे झाले, कोटावर नुसता करडा प्रायमर. इंग्रजांसारखा लाल देऊन मोकळे व्हा, असं मीच सुचवलं होतं, तर त्यांनी विचारलं, "इतिवृत्तात न झालेला ठराव लिहितात का?"

तुमच्यापैकी कुणी मोडी शिकत असेल तर पुढचा धागा घ्या. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, त्यात खर्चाचे हिशेब आहेत. तिथे "कोट" किंवा "गणवेश" शोधू नका, ही आपली भाषा झाली. शोधायचं ते कापड. जाड लोकरी कापडाला तेव्हा बनात म्हणत, सकलाद म्हणत. फौजेसाठी बनात घेतल्याची नोंद, तिच्यासमोर रंग आणि पथकाचं नाव, अशी एक ओळ मिळाली तरी काका ब्रश उचलतील.