फिल्मच्या अंगात डिजिटल जीव

व्यावसायिक डिजिटल कॅमेऱ्यांचं कूळ शोधत मागे गेलं, की हाताला लागतो तो फिल्मचाच कॅमेरा. १९९१ साली कोडॅक कंपनीने डीसीएस नावाचा संच विकायला काढला. त्यासाठी तिने नवा कॅमेरा घडवलाच नाही. निकॉनचा एफ३ घेतला, त्याची मागची बाजू काढली आणि जिथे फिल्म ताणलेली असते नेमक्या त्या जागी १३ लाख पिक्सेलचा सेन्सर बसवला. फोटो साठवायला वेगळी पेटी, तिच्यात २०० मेगाबाइटची हार्ड डिस्क. ही पेटी खांद्याला अडकवायची आणि केबलने कॅमेऱ्याला जोडायची. किंमत २०,००० डॉलरच्या घरात. संच हजारसुद्धा खपले नाहीत, तरी वृत्तछायाचित्रकारांना त्यात पुढचं दिसलं: फिल्म धुण्यात जाणारा वेळ वाचणार होता.

निकॉनने १९९९ मध्ये मुळापासून डिजिटल असा डी१ आणला. २७ लाख पिक्सेल, किंमत साडेपाच हजार डॉलरच्या आसपास. पण घडण फिल्मवरच्या एफ५च्या वळणाचीच. २००१ मध्ये कॅननचा ईओएस-१डी आला, तोही ईओएस-१व्ही या फिल्म कॅमेऱ्याच्या अंगाचा. म्हणून हे कॅमेरे आजही हातात नीट बसतात. उभ्या फोटोसाठी वेगळं बटण, न बघता बोटाला सापडणारी चक्रं, धातूचं वजनदार अंग. हे सगळं अनेक वर्षं फिल्मवर काम करणाऱ्यांच्या सवयीतून ठरलेलं होतं.

या दोन कॅमेऱ्यांचे चाहते मात्र रंगांबद्दलच जास्त बोलतात. त्यांच्यातल्या सीसीडी प्रकारच्या सेन्सरचे रंग वेगळेच, असं ते सांगतात. मला हे पटत नाही. सेन्सर फक्त प्रकाश मोजतो. रंग येतो त्याच्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरमुळे आणि नंतरच्या प्रक्रियेमुळे.

या सीसीडींचा खरा गुण फ्लॅशच्या कामात दिसतो. पडद्याच्या शटरमध्ये फ्लॅश उडताना सगळी चौकट एकाच वेळी उघडी लागते, त्यामुळे वेग साधारण १/२५० सेकंदापाशी अडतो. डी१ आणि १डी मध्ये पडद्याला घाई करावीच लागत नाही. प्रत्येक पिक्सेलशेजारी एक झाकलेली जागा असते आणि साऱ्या चौकटीतला विद्युतभार एकाच क्षणी तिथे सरकतो. मोजणी तिथेच बंद! म्हणून दोघेही १/५०० सेकंदाला फ्लॅश चालवतात. भर दुपारी हा फरक लख्ख दिसतो. वेग दुप्पट केला की उन्हाचा प्रकाश निम्मा होतो आणि फ्लॅशचा जवळजवळ सगळा मिळतो. चेहरा उजळतो, मागचं आभाळ गडद निळं होतं.

पुढे सीमॉस सेन्सर आले. अंधारात ते कितीतरी सरस, पण ओळीओळीने वाचले जाणारे. २००७ च्या निकॉन डी३ मध्ये फ्लॅशचा वेग पुन्हा १/२५० वर आला. सगळी चौकट एकदम टिपणारा सेन्सर असलेला फुल फ्रेम कॅमेरा, सोनीचा ए९ थ्री, यायला २०२३ उजाडलं, आणि त्याची किंमत होती ६,००० डॉलर. ज्याचं काम १/५०० मध्ये भागतं, त्याने जुना १डी बघायला हरकत नाही. घेण्याआधी बॅटरी तपासावी. निकेल मेटल हायड्राइडचे ते सेल इतक्या वर्षांत बहुतेक मेलेलेच असतात. ते बदलून देणारा कारागीर आधी गाठून ठेवावा.