डेक्कन महाविद्यालयाचा दप्तरखाना : दक्षिणेच्या निधीपासून मेणवलीच्या रुमालांपर्यंत

रायपूर/पुणे : छत्तीसगडच्या राजधानीतील तेलीबांधा तलावाच्या परिसरात राहणाऱ्या एखाद्या मराठी वाचकाला आपल्या भागातील भोसलेकालीन इतिहासाची मूळ साधने पाहावयाची असतील, तर त्याला नागपूरबरोबरच पुण्याचीही वाट धरावी लागते. पुण्याच्या येरवडा भागातील डेक्कन महाविद्यालयाच्या मराठा इतिहास संग्रहालयात नाना फडणीस यांच्या मेणवली येथील दप्तराचा मोठा भाग जतन केलेला आहे. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातील घडामोडींची अस्सल पत्रे त्यात आहेत. १८२१ मध्ये सुरू झालेली ही संस्था देशातील आधुनिक उच्च शिक्षणाच्या आद्य केंद्रांपैकी एक होय. पाठशाळा, महाविद्यालय, संशोधन संस्था आणि अभिमत विद्यापीठ अशा चार अवस्थांतून ती गेली असून प्रत्येक अवस्थेने आपापल्या काळाची कागदपत्रे मागे ठेवली आहेत.

दक्षिणेतून पाठशाळा

संस्थेचा उगम मराठेशाहीतील एका प्रथेत आहे. तळेगावचे सेनापती खंडेराव दाभाडे यांनी विद्वान ब्राह्मणांना श्रावणात दक्षिणा देण्याची परंपरा सुरू केली होती. १७३१ च्या डभईच्या लढाईत सेनापती त्रिंबकराव दाभाडे मारले गेल्यानंतर ही परंपरा पेशव्यांनी पुण्यात चालविली. देशाच्या निरनिराळ्या भागांतून शास्त्री-पंडित त्यासाठी पुण्यास येत असत. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर या खर्चाचे काय करावयाचे, हा प्रश्न नव्या राजवटीपुढे उभा राहिला. दक्षिणा एकाएकी बंद केल्यास विद्वानांत असंतोष पसरेल, हे मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन जाणून होते. दख्खनचे कमिशनर विल्यम चॅप्लिन यांच्या पुढाकाराने या निधीचा काही भाग विद्यादानाकडे वळविण्यात आला आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात ‘हिंदू कॉलेज’ अर्थात संस्कृत पाठशाळा सुरू झाली.

मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात मोल्सवर्थ यांना साहाय्य करणारे मेजर टॉमस कँडी यांनी पुढे या पाठशाळेची व्यवस्था पाहिली. १८४९ मध्ये पुण्यातील सुधारणावादी तरुणांनी दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथनिर्मितीसाठी वापरावा, अशी मागणी करणारा अर्ज केला. तो मोठ्या वादाचा विषय ठरला. त्यानंतर मराठी ग्रंथांना पारितोषिके देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. विद्यार्थ्यांसाठी दक्षिणा फेलोशिपही ठेवण्यात आल्या. न्या. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी आपल्या विद्यार्थिदशेत तिचा लाभ घेतला. सेनापतींच्या घरातून निघालेली एक दानपरंपरा अशा रीतीने विद्यापीठीय शिष्यवृत्तीत रूपांतरित झाली.

१८५१ मध्ये संस्कृत पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा यांच्या एकत्रीकरणातून ‘पूना कॉलेज’ झाले. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीच्या आधारे येरवड्याजवळ स्वतंत्र इमारतीचे काम हाती घेण्यात आले. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते १८६४ मध्ये तिची कोनशिला बसविण्यात आली आणि १८६८ मध्ये महाविद्यालय ‘डेक्कन कॉलेज’ या नावाने नव्या वास्तूत आले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ गणेश आगरकर आणि इतिहासाचार्य वि. का. राजवाडे हे या महाविद्यालयाचे विद्यार्थी. टिळक-आगरकरांची मैत्री याच परिसरात जुळली. स्वतंत्र शाळा काढण्याचा त्यांचा विचार १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूलच्या रूपाने प्रत्यक्षात आला.

हस्तलिखितांचा शोध

१८६० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने संस्कृत हस्तलिखितांच्या शोधाची मोहीम सुरू केली. गेओर्ग ब्यूलर, फ्रान्झ कीलहॉर्न, रा. गो. भांडारकर आणि पीटर पीटरसन यांनी गुजरात, राजस्थान, काश्मीर आणि महाराष्ट्रातून हजारो पोथ्या मिळविल्या. कीलहॉर्न आणि त्यांच्यानंतर भांडारकर हे दोघेही डेक्कन महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. कीलहॉर्न यांनी पतंजलीच्या व्याकरण-महाभाष्याची तीन खंडांतील चिकित्सक आवृत्ती १८८० ते १८८५ या काळात प्रसिद्ध केली. ती आजही प्रमाण मानली जाते. सरकारी मोहिमेत जमलेला संग्रह पुढे डेक्कन महाविद्यालयात ठेवण्यात आला आणि ‘डेक्कन कॉलेज संग्रह’ म्हणून अभ्यासकांना परिचित झाला.

१९१७ मध्ये पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. पुढील वर्षी सरकारने १७ हजारांहून अधिक हस्तलिखितांचा हा संग्रह नव्या संस्थेच्या स्वाधीन केला. त्यातील ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांचा समावेश २००७ मध्ये युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ नोंदवहीत झाला. ब्यूलर यांनी काश्मीरमधून आणलेली, भूर्जपत्रावर शारदा लिपीत लिहिलेली पोथी त्यांपैकीच एक आहे. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर झालेल्या हल्ल्यात ग्रंथ आणि कागदपत्रांची नासधूस झाली. दीड शतकाच्या परिश्रमाने जमलेला ठेवा काही मिनिटांत धोक्यात येऊ शकतो, हे त्या घटनेने दाखवून दिले.

बंद पडलेले महाविद्यालय

१९३४ मध्ये मुंबई सरकारने काटकसरीच्या धोरणाखाली डेक्कन महाविद्यालय बंद केले. देणगी घेऊन उभारलेली संस्था सरकारला एकतर्फी बंद करता येणार नाही, अशी भूमिका घेऊन माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात दाद मागितली. अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी संस्था पदव्युत्तर अध्ययन व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाली. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया, समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे आणि इतिहासकार त्र्यं. शं. शेजवलकर हे या नव्या पर्वातील प्रमुख अध्यापक होत. १९९० मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

मराठा इतिहास संग्रहालय याच १९३९ च्या सुमारास येथे आले. त्याचे मूळ साताऱ्यात आहे. ‘इतिहाससंग्रह’ मासिकाचे संपादक रावबहादूर द. ब. पारसनीस यांनी जुन्या घराण्यांतून कागदपत्रे, नकाशे, चित्रे आणि दुर्मीळ ग्रंथ आयुष्यभर जमविले होते. वाईजवळच्या मेणवली येथील नाना फडणीसांच्या वाड्यातील दप्तरही त्यांनी मिळविले. पारसनीसांचे १९२६ मध्ये निधन झाले. त्यानंतर साताऱ्याचा हा संग्रह डेक्कन महाविद्यालयात हलविण्यात आला. पानिपतच्या तिसऱ्या लढाईवरील शेजवलकरांचा ग्रंथ १९४६ मध्ये याच संस्थेने प्रसिद्ध केला.

नागपूर आणि छत्तीसगडचा धागा

मेणवली दप्तरातील नागपूरविषयक निवडक मराठी पत्रे शेजवलकरांनी संपादित केली आणि संस्थेने ती ‘नागपूर अफेअर्स’ या नावाने १९५४ आणि १९५९ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. पुणे दरबार आणि नागपूरकर भोसले यांच्यातील ताणलेले संबंध समजून घेण्यास ही पत्रे आवश्यक आहेत. १७६९ मध्ये थोरले माधवराव पेशवे आणि जानोजी भोसले यांच्यात कनकापूरचा तह झाला. १७७२ मध्ये जानोजी वारल्यावर साबाजी आणि मुधोजी या बंधूंत वारसाहक्काचा झगडा उसळला आणि १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले. याच काळात जानोजींचे आणखी एक बंधू बिंबाजी भोसले रतनपूर येथून छत्तीसगडचा कारभार पाहत होते.

छत्तीसगडशी मराठ्यांचा संबंध १७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकर यांच्या रतनपूरवरील स्वारीपासून सुरू होतो. बिंबाजींनी १७५८ ते १७८७ या काळात तेथे प्रत्यक्ष राहून राज्य केले. रतनपूरच्या रामटेकडीवरील राममंदिर त्यांनी बांधले. कारभारात मराठी भाषा आणि मोडी लिपी त्यांच्या काळात रुजली, तसेच विजयादशमीला सोने म्हणून पाने देण्याची प्रथाही त्यांनीच सुरू केली, असे छत्तीसगडच्या इतिहासलेखनात सांगितले जाते. त्यांच्यानंतर सुभेदारांचा अंमल आला. विठ्ठल दिनकर यांच्या कारकिर्दीत परगणा पद्धत लागू झाली. १८१८ मध्ये ब्रिटिश अधिकारी मेजर अ‍ॅग्न्यू यांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होताच छत्तीसगडही ब्रिटिश अमलाखाली गेले.

रायपूरच्या महंत घासीदास स्मारक संग्रहालयात कलचुरी काळातील शिलालेख आणि ताम्रपट आहेत. १८७५ मध्ये स्थापन झालेले हे देशातील जुन्या संग्रहालयांपैकी एक आहे. भोसल्यांच्या काळाची मुख्य साधने मात्र कागदावर असून ती वेगवेगळ्या शहरांत विखुरलेली आहेत. त्यामुळे छत्तीसगडच्या एकाच भूभागाचा इतिहास लिहिताना दगडावरील लेख रायपुरात आणि मोडी कागद पुण्यात पाहण्याची वेळ अभ्यासकावर येते. रायपूरच्या मराठी समाजाचे पुण्याशी नाते पुढेही राहिले. रायपुरात शिकलेले आणि पेंड्रा येथून १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ सुरू करणारे माधवराव सप्रे यांनीच डेक्कन महाविद्यालयाचे विद्यार्थी असलेल्या टिळकांचा ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ हिंदीत आणला.

मोडी कागद कसा वाचतात

जुने दप्तर कापडी रुमालांत बांधलेले असते. कारकून आधी आडवी रेघ ओढून घेत आणि मग बोरूने शक्य तितका हात न उचलता मजकूर लिहीत. दोन शब्दांत अंतर नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि संक्षेप विपुल असतात. म्हणून अक्षर ओळखता आले तरी अर्थ लागेलच असे नाही. फारसी शब्द, हुद्दे, वजने-मापे आणि गावांची जुनी नावे यांचे ज्ञान वाचकाला असावे लागते.

कालनिर्णय हा त्यातील सर्वांत अवघड भाग. मराठी पत्रांत बहुधा शुहूर सन असतो आणि तो आकड्यांत न देता अरबी शब्दांत लिहिलेला असतो. उदाहरणार्थ, ‘अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात ११७४. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होत असल्याने त्यात ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढतात. त्यानुसार हा काळ १७७३-७४ चा येतो. नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी झालेला खून याच वर्षात पडतो. चांद्र तारखेपूर्वी ‘छ’ हे अक्षर असते. अनेक खासगी पत्रांत वर्ष नसतेच. तेथे तिथी, वार आणि मजकुरातील घटना यांची सांगड घालून काळ ठरवावा लागतो. एक वर्ष चुकले तर पत्र दुसऱ्याच प्रसंगाशी जोडले जाते आणि त्यावर उभा केलेला निष्कर्ष कोसळतो.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांत शिकविली जात होती. ती अभ्यासक्रमातून गेल्यानंतर वाचकांची संख्या झपाट्याने घटली. २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीचा समावेश झाल्याने संगणकावर ती लिहिण्याची सोय झाली. तथापि, धावत्या हस्ताक्षरातील कागद उलगडण्यासाठी तयार झालेल्या नजरेला अद्याप पर्याय नाही. कसर, वाळवी आणि ओलावा यांपासून कागद वाचविणे जितके निकडीचे, तितकेच ते वाचणारी पिढी तयार करणेही निकडीचे आहे.

शब्दांचा कोठार

संस्थेत आणखी एक वेगळ्या स्वरूपाचा संग्रह आहे. संचालक सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वांवर आधारित संस्कृत महाकोशाचा प्रकल्प सुरू केला. ऋग्वेदापासून अठराव्या शतकापर्यंतच्या सुमारे १,५०० ग्रंथांतून शब्द आणि त्यांचे संदर्भ हाताने टिपून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार करण्यात आल्या. एखादा शब्द प्रथम कोठे आला आणि त्याचा अर्थ शतकानुशतके कसा बदलला, हे या चिठ्ठ्यांवरून ठरते. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९७६ पासून भागशः प्रसिद्ध होऊ लागला. कोशाचे काम आजही सुरू आहे.

मोडी रुमाल आणि कोशाच्या चिठ्ठ्या हे दोन्ही संग्रह केवळ छापील ग्रंथांवरून उभे करता येणारे नाहीत. मेणवली दप्तरातून आजवर प्रसिद्ध झालेली पत्रे निवडक आहेत. पेशवाईच्या उत्तरार्धाबरोबरच नागपूर, विदर्भ आणि छत्तीसगड यांच्या अठराव्या शतकाच्या इतिहासात पुढे कोणती भर पडते, हे अप्रकाशित कागद वाचणाऱ्या अभ्यासकांवर अवलंबून आहे.