आग्रयण आणि खळ्यावरील वांटा

नवें धान्य देवांस अर्पिल्यावांचून खाऊं नये, हा आग्रयण इष्टीचा नियम. शतपथब्राह्मणाच्या दुसऱ्या कांडांत त्याचीं दोन कारणें दिलीं आहेत. कहोड कौषीतकि म्हणतो, हा रस द्यावापृथिवींचा; तो देवांस देऊन मग आपण खावा. याज्ञवल्क्याची कथा निराळी. असुरांनीं वनस्पतींवर कृत्या व विष यांचा प्रयोग केला, माणसें व पशु अन्नावांचून मरूं लागलीं. तें विष देवांनीं या इष्टीनें घालविलें. पहिला भाग कोणाचा, यासाठीं देव धांवले. इंद्र व अग्नि जिंकले, म्हणून त्यांस 12 कपालांचा पुरोडाश. द्यावापृथिवींस एका कपालाचा.

म्हणजे पीक पिकतें निसर्गानें, पण खाण्याजोगें होतें तें वांटा दिल्यावर. कोंकणांत आश्विनी पौर्णिमेस नवान्न करितात. देशावर खळ्यावरच बलुतें मापीत. त्यांत सुतार-लोहारांबरोबर देवाच्या गुरवाचाही वांटा निघे. (12 कपालें व 12 बलुतीं यांचा मेळ घालण्याचा मोह मात्र आवरावा.) बलुत्याच्या यादी निव्वळ जमाखर्च समजून संग्राहक बाजूस टाकतात, हें बरें नव्हे. देवाचा हक्क कोणाच्या आधीं लिहिला व कोणाच्या नंतर, हें तेथेंच कळतें. असा कागद हातीं आल्यास नोंदींचा क्रम न मोडतां नक्कल करावी.