पायांचे मोल

१९०५ साली मिडल्सब्रो क्लबाने संडरलंडकडून आल्फ कॉमन हा गडी १,००० पौंडांस घेतला, तेव्हा इंग्लंडात मोठा गहजब उडाला. माणूस तो काय बाजारचा बैल? पण खरी मौज निराळीच. पैसा गेला संडरलंडच्या तिजोरीत. खेळाडूला मात्र आठवड्यास ४ पौंडांहून अधिक वेतन देण्यास फुटबॉल असोसिएशनची १९०१ पासून मनाई होती!

श्रीमंत क्लबांनी सारे उत्तम गडी पळवू नयेत, हा त्यामागचा हेतू. तो वाईट म्हणवत नाही. जाच होता तो दुसऱ्याच नियमाचा. करार संपला तरी क्लबाने मोकळे केल्यावाचून खेळाडूला लीगमध्ये दुसरीकडे खेळता येत नसे. १९६० साली न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅमने हट्ट धरला. खेळणे सोडून तो बुचांच्या व्यापारात शिरला. अखेर क्लबाने त्याला आर्सेनलला ४७,५०० पौंडांस विकले. तरीही गडी न्यायालयात गेलाच!

इकडे जिमी हिलच्या पुढारीपणाखाली खेळाडू संपाला सिद्ध झाले आणि जानेवारी १९६१ मध्ये वेतनाची मर्यादा उठली. तोवर ती चढत चढत जेमतेम २० पौंडांवर आली होती. फुलहॅमचे अध्यक्ष टॉमी ट्रिंडर हे व्यवसायाने विनोदी नट. जॉनी हेन्सला १०० पौंड देईन, असे ते बोलून चुकले होते; आता द्यावे लागले.

१९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी तो अडवणुकीचा नियम गैरवाजवी ठरवला. विक्रीची किंमत मात्र क्लबांकडेच जात राहिली.