कोरड्या केसांचा ओलावा (जऊळका व वाशीम परिसर)

पाणी धरून ठेवण्याची ताकद उणावलेल्या, हाताला राठ लागणाऱ्या, विंचरताना गुंतणाऱ्या आणि टोकांना फाटे फुटणाऱ्या केसांना कोरडे केस म्हणतात. बहुतेक वेळा हा रोग नसतो. केसाच्या वरच्या आवरणाची झीज आणि भोवतालची हवा या दोहोंचा तो परिणाम असतो. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले, अकोला–पूर्णा रेल्वेमार्गावरचे जऊळका हे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मे महिन्यात इथला पारा ४० अंशांच्या वर चढतो आणि दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा ओलीचिंब होते. म्हणजे एकाच वेणीला वर्षभरात दोन टोकांचे हवामान सोसावे लागते.

केसांना ओलावा पाणी देते, तेल देत नाही. तेल त्या पाण्याला अडवते. वऱ्हाडात तेलाची कमतरता कधीच नव्हती, तरी उन्हाळ्यात केस राठ होतात ते यामुळे: कोरड्या केसांवर कोरड्या हवेत तेल चोपडले तर चकाकी येते, ओलावा येत नाही. तेल किती लावले यापेक्षा ते केव्हा लावले याला जास्त महत्त्व आहे.

केस हवेतले पाणी सतत घेतो आणि सोडतो. जिनिव्हाचा शास्त्रज्ञ होरेस-बेनेडिक्ट द सोश्यूर याने १७८३ साली याच गुणावर आर्द्रता मोजण्याचे यंत्र उभे केले. हवा पूर्ण कोरडी असताना आणि पूर्ण दमट असताना माणसाच्या केसाच्या लांबीत सुमारे दोन ते अडीच टक्के फरक पडतो. तो फरक काट्यावर दाखवला की झाला आर्द्रतामापक. केसाच्या आधारे आर्द्रतेचा आलेख काढणारी यंत्रे पुढे भारतीय हवामान विभागाच्या वेधशाळांतही वापरात राहिली. यंत्रात बसवण्याआधी सोश्यूर केस सोड्याच्या पाण्यात उकळून त्याची सारी स्निग्धता काढून टाकत असे, कारण तेलकट केस हवेतला बदल उशिरा टिपतो. यंत्राला हवा असलेला हा केस डोक्यावर मात्र नकोसा असतो. ज्या स्निग्ध थरापासून सोश्यूर केस मोकळा करत होता, तोच थर डोक्यावरच्या केसांतले पाणी टिकवतो.

त्या थराची रचना आता पुष्कळ उलगडली आहे. केसाच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारखे एकावर एक चढलेले पाच ते दहा पातळ पापुद्रे असतात आणि सर्वांत वरच्या पापुद्र्यावर एका विशिष्ट मेदाम्लाचा अगदी बारीक लेप असतो. हा लेप पाणी झटकतो आणि केसावर केस सहज घसरू देतो. ऊन, ब्लीच, केसांचे रंग आणि अल्कधर्मी साबण यांनी तो जातो. एकदा गेला की परत उगवत नाही, कारण टाळूच्या बाहेर आलेला केस निर्जीव असतो. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. ६० सेंटीमीटर लांब वेणीचे टोक म्हणजे पाच वर्षांपूर्वी टाळूतून निघालेला केस. पाच उन्हाळे आणि शेकडो धुणी त्याने पाहिलेली असतात. टाळूचे तेल तिथपर्यंत पोचत नाही, कुरळ्या केसांत तर मुळीच नाही. म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकाशी राठ असे केस पुष्कळ जणींचे असतात.

पाण्याचाही वाटा मोठा आहे. वाशीम जिल्ह्याखालचा खडक दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. त्याच्या भेगांतून येणाऱ्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. अशा जड पाण्यात साबणाला फेस येत नाही. साबण आणि कॅल्शियम मिळून न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. कपड्याच्या किंवा अंगाच्या साबणाने डोके धुण्याची सवय घरोघर होती, अजूनही काही घरांत आहे. त्याने केसांचे बरेच नुकसान होते. साबणाचे द्रावण अल्कधर्मी असते, त्यात केस फुगतो आणि पापुद्रे उचकटतात. शांपूतली द्रव्ये जड पाण्यातही साका धरत नाहीत, एवढा त्यांचा गुण मान्य करावा लागतो. शेवटच्या तांब्याभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस घालून केसांवरून सोडला तर क्षारांचा थर थोडा सैल होतो. लिंबू थेट केसांवर चोळू नये.

जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक झपाट्याने गळू लागले, तेव्हा पहिला संशय पाण्यावर आणि शांपूवर गेला होता. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवले गेले. केस कोरडे होणे आणि केस गळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केसाच्या दांड्यात घडते, दुसरी मुळाशी किंवा शरीराच्या आत. पाण्यातले क्षार केस राठ करतात. मूठभर केस हातात आले तर मात्र पाण्याला दोष देऊन थांबू नये.

धुण्याच्या जुन्या पद्धतीत शिकेकाई व रिठा होते. दोन्हींत सॅपोनिन हे नैसर्गिक फेसद्रव्य असते. शिकेकाईचा काढा किंचित आम्लधर्मी असल्याने पापुद्रे बसलेले राहतात. रिठा मात्र चांगलाच तीव्र आहे, तो जास्त झाला की केस खडखडीत होतात. यावर उपायही घरातच होता. काढ्यात मेथीदाणे टाकायचे किंवा जास्वंदीची पाने चुरडून त्यांचा बुळबुळीत रस मिसळायचा. हा बुळबुळीतपणा म्हणजे पाणी धरणाऱ्या शर्करांचा गर. केसांवर त्याची पातळ साय बसते आणि फणी अडत नाही. आजच्या कंडिशनरचे कामही जवळपास हेच, फक्त त्यातली द्रव्ये धनभारित असतात आणि केसाच्या झिजलेल्या, ऋणभारित जागांना आपोआप चिकटतात. झिजलेल्या टोकांना ती म्हणूनच जास्त लागतात.

तेलांत खोबरेलाचे स्थान वेगळे ठरले ते मुंबईत झालेल्या कामामुळे. मॅरिको कंपनीतील आरती रेळे व आर. बी. मोहिले यांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्याआधी लावले काय किंवा नंतर, केसांतल्या प्रथिनांची गळती लक्षणीय प्रमाणात कमी केली ती एकट्या खोबरेलाने. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. अमेरिकेत प्रिन्स्टन इथल्या वस्त्रसंशोधन संस्थेबरोबर झालेल्या २००१ च्या मोजणीत खोबरेल केसाच्या आत शिरलेले आणि खनिज तेल बाहेरच राहिलेले दिसले होते. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान व सरळ असतात, ते आत घुसतात. सूर्यफुलाच्या तेलातले रेणू वाकडे आणि पसरट. केस ओला झाला की त्याची जाडी सुमारे १५ टक्क्यांनी वाढते आणि वाळला की पुन्हा आकसतो. दर धुण्याला होणारी ही फुगवण-आकसण पापुद्रे खिळखिळे करते. आत शिरलेले खोबरेल पाण्याचा तो लोंढा आवरते. धुण्याच्या आदल्या रात्री तेल लावण्याची आजीची रीत इथे प्रयोगशाळेच्या कसाला उतरली. वऱ्हाडात नारळ पिकत नाही, तेल बाहेरून येते आणि थंडीत २४ अंशांच्या आसपास गोठते; बाटली उन्हात ठेवली की पातळ होते, गुण बदलत नाही.

इथल्या मातीतली वस्तू म्हणजे जवस. विदर्भ हा महाराष्ट्रातला जवसाचा मुख्य प्रदेश. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या नागपूर केंद्रात जवसावर दीर्घकाळ संशोधन चालले आहे. वऱ्हाडी ताटातली जवसाची चटणी सर्वांना ठाऊक, पण त्याच दाण्यांचा गर केसांसाठी उत्तम, आणि कोरड्या प्रदेशात त्याचा जितका वापर व्हायला हवा तितका होत नाही. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ढवळत शिजवावे. पाणी घट्ट होऊन चमच्यावरून तार सुटू लागली की लगेच, गरम असतानाच पातळ सुती कापडातून गाळावे. थंड झाल्यावर गर गाळला जात नाही. हा गर ओल्या केसांवर लावला की वाळताना त्याची लवचीक साय राहते. फ्रिजमध्ये तो आठवडाभर टिकतो, फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात त्याच दिवशी संपवावा. बाजारातल्या अनेक क्रीममध्ये ग्लिसरीन असते. ते हवेतले पाणी ओढते, पण मे महिन्याच्या दुपारी हवेत ओढण्यासारखे पाणीच थोडे असते. पावसाळ्यात तेच ग्लिसरीन जादा पाणी खेचून केस फुगवते. ऋतू पाहून वस्तू निवडावी ती यासाठी.

ओलावा अधिक काळ टिकवायचा तर सगळा भर डोके धुतल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासावर द्यावा. शांपू टाळूलाच चोळावा, लांबीवरून नुसता फेस वाहू द्यावा. पाणी कोमट असावे. टॉवेलने खसखसून पुसण्याऐवजी जुन्या सुती धोतरात किंवा लुगड्याच्या तुकड्यात केस दाबून टिपावेत. केस ओलसर असतानाच कंडिशनर किंवा जवसाचा गर लावावा आणि त्यावर तळहाताला पुसट लागेल इतकेच तेल टोकांकडे फिरवावे. गुंता रुंद दातांच्या फणीने खालून वर सोडवत जावा. मग सैल वेणी. पुढच्या दिवसांत टोके राठ वाटली तर आधी ओला हात फिरवावा, नंतर तेलाचा थेंब. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांत पाणी, तेल आणि क्रीम असे थरावर थर देण्याची पद्धत रूढ आहे, तिचा पायाही हाच. आठवड्यातून दोनदा डोके धुणे बहुतेकींना पुरते.

पावसाळ्यात उलट चूक होते. ओल्या केसांचा घट्ट अंबाडा घातला की आतले केस तासन्‌तास ओलेच राहतात आणि फुगलेला केस सर्वांत कमजोर असतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका कोरियन अभ्यासात, सुमारे १५ सेंटीमीटर अंतरावरून सतत हलवत वापरलेल्या ड्रायरपेक्षा आपोआप वाळू दिलेल्या केसांत आतल्या पेशींना जोडणाऱ्या थराची हानी जास्त आढळली. ड्रायर अगदी जवळ धरला तर मात्र वरचे पापुद्रे भाजतात.

झाकणे हाही उपचारच आहे. सोयाबीन सोंगताना, कापूस वेचताना डोक्यावर ओढलेला पदर आणि वाटेवरचा दुपट्टा ऊन व कोरडा वारा अडवतात. याच जिल्ह्यात मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे तीर्थस्थान आहे. जुन्या बंजारा स्त्रियांची केशभूषा म्हणजे बारीक गुंफलेल्या वेण्या, कानांजवळ लोंबणाऱ्या चांदीच्या घुगरी-टोपल्या आणि वरून ओढणी. उन्हातान्हात तांड्यासोबत चालणाऱ्या बाईचे केस अशा गुंफणीत झाकलेले राहत, रोज विंचरण्याचा मारही त्यांना बसत नसे. मात्र वेणी फार ताणून घातली आणि दागिन्यांचा भार केसांच्या मुळांवर आला, तर कपाळाकडचे केस विरळ होतात.

काही मर्यादा ध्यानात घ्याव्यात. फाटे फुटलेली टोके कोणत्याही तेलाने सांधत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी ती बोटभर कापणे हाच उपाय. डोक्यात तेलकट, पिवळसर कोंडा व खाज असेल तर टाळूला तेल चोपडू नये, कारण कोंड्याशी निगडित मॅलेसेझिया ही बुरशी तेलावरच पोसते. तेल फक्त लांबीला लावावे. काळजी घेऊनही केस एकाएकी राठ झाले, सोबत थकवा, वजनवाढ, थंडी सहन न होणे असे काही असेल, तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी.