उसाचा ट्रॅक्टर आणि मागच्या दोन ट्रॉल्या

औसा तालुक्यातील किल्लारी हे नाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपामुळे. त्या एका पहाटेपलीकडे या गावाची दुसरी ओळखच नसावी, असा बाहेरच्या माणसाचा समज होतो. वस्तुतः तेरणेच्या काठचा हा काळ्या जमिनीचा पट्टा ऊस पिकवणारा आहे. गळीत हंगाम सुरू झाला, की लातूर, औसा, लामजना, किल्लारी, उमरगा या रस्त्यावर दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस दिसू लागतात. कर्णकर्कश गाणी लावलेला, वाहनापेक्षा भाराच भार दिसणारा आणि मागून येणाऱ्याला अंधारात अजिबात न दिसणारा हा ट्रॅक्टर मराठवाड्यातच नव्हे, तर सोलापूर, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतही हिवाळ्याचे एक ठरलेले दृश्य आहे. त्याच्या अपघातांच्या बातम्याही तितक्याच ठरलेल्या. त्या बातम्यांत दोष बहुधा चालकाच्या माथी मारला जातो. तो कधी खराही असतो. परंतु मूळ अडचण या वाहनाच्या रचनेतच आहे, आणि ती समजून घेतल्यावाचून बाकीची चर्चा व्यर्थ आहे.

कायद्याच्या दृष्टीने ट्रॅक्टर आणि ट्रॉली ही दोन भिन्न वाहने होत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील व्याख्येप्रमाणे ट्रॅक्टर हे स्वतःवर भार वाहण्यासाठी बांधलेले वाहन नव्हे; ते केवळ ओढणारे आहे. मोटार वाहनाने ओढले जाणारे, किंवा ओढले जावे म्हणून बनवलेले, ते ट्रेलर. ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते, तिचा क्रमांक स्वतंत्र असतो, आणि ट्रॅक्टरचा विमा उतरवला म्हणजे ट्रॉलीचाही आपोआप उतरला असे होत नाही. ही गोष्ट पुष्कळांना अपघातानंतरच कळते.

ओढणारे वाहन आणि ओढले जाणारे वाहन यांचे नाते जगात सर्वत्र एकाच प्रश्नाभोवती फिरते : कोणाचे वजन किती? अमेरिकेत निवृत्त जोडपी बसएवढ्या मोटारघरातून महिनोन्‌महिने फिरतात आणि आपली छोटी मोटार बंद पेटीसारख्या ट्रेलरमध्ये घालून मागे जोडतात. अशा मोठ्या मोटारघराचे वजन बारा-पंधरा टन असू शकते. मागच्या पेटीचे, आतल्या मोटारीसकट, तीन-चार टन. म्हणजे ओढणारा ओढल्या जाणाऱ्याच्या तिप्पट-चौपट जड. एवढे असूनही तेथील बहुतेक राज्यांत सुमारे १,३६० किलोपेक्षा अधिक वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावे लागतात. युरोपात तर ७५० किलोच्या वर बिनब्रेकचा ट्रेलर चालत नाही. जोड निसटलाच तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागावेत, अशी कळही बसवलेली असते.

किल्लारीच्या रस्त्यावर हे गणित नेमके उलटे आहे. पन्नास अश्वशक्तीच्या आसपासच्या ट्रॅक्टरचे वजन दोन ते अडीच टन. त्याच्यामागे दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस, शिवाय ट्रॉल्यांचे स्वतःचे लोखंड वेगळेच. ओढला जाणारा भार ओढणाऱ्याच्या सात-आठ पट, कधी त्याहूनही अधिक. आणि बहुसंख्य जुन्या ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नाहीत.

या वजनाचे वाहन मुळात हलते कसे, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. ट्रॅक्टरचे इंजिन आणि त्याचे खालचे गिअर सावकाश, पण जबरदस्त ओढ देण्यासाठीच बनवलेले असतात. सपाट डांबरी रस्त्यावर रबरी टायरवरचा भार ओढायला फारशी ताकदही लागत नाही. प्रश्न थांबण्याचा आहे. बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक असतात ते मागच्या दोन चाकांनाच. त्या दोन चाकांनी केवळ ट्रॅक्टर नव्हे, तर मागचे वीस टनही थांबवायचे असतात. चालकाने जोरात ब्रेक दाबला तर ट्रॅक्टर थांबू पाहतो, ट्रॉली थांबत नाही. ती दांडीवाटे ट्रॅक्टरला ढकलते. ढकल सरळ रेषेत असली तर ट्रॅक्टर पुढे घसरतो. जरा वळणावर असली, तर ट्रॅक्टरचा मागचा भाग बाजूला रेटला जाऊन तो ट्रॉलीसमोर आडवा होतो आणि उलटतो.

त्यात वेगाचा हिशेब फसवा आहे. गतिमान वस्तूतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी २० किलोमीटरवरून वेग ३० वर गेला, तर चालकाला तो दीडपट वाटतो. ब्रेकला मात्र सव्वादोनपट ऊर्जा जिरवावी लागते. म्हणूनच जाणते चालक उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडत नाहीत. ज्या गिअरमध्ये चढ चढला त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा, हा जुना नियम इंजिनाच्या अडथळ्याचा ब्रेकसारखा उपयोग करून घेतो. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गिअर काढणारा चालक चार रुपये वाचवतो आणि हाती असलेला सर्वांत भरवशाचा ब्रेक सोडून देतो.

ट्रॅक्टरच्या ब्रेकची आणखी एक खोड आहे. शेतात जागच्या जागी वळता यावे म्हणून डाव्या आणि उजव्या चाकाचे पायब्रेक वेगवेगळे असतात. रस्त्यावर येताना दोन्ही एका खटक्याने जोडून घ्यावयाचे असतात. तो खटका लावायचा राहिला आणि घाईत पाय एकाच ब्रेकवर पडला, तर एक चाक अडते, दुसरे फिरत राहते आणि मागच्या वीस टनांसह ट्रॅक्टर गर्रकन एका बाजूला ओढला जातो. खटका लावण्याचे काम एका क्षणाचे आहे. शेतातून सडकेवर येण्याच्या धांदलीत तेच विसरले जाते.

रस्त्यावर येण्याआधीचा टप्पाही कमी बिकट नसतो. तोडलेला ऊस फडातून बाहेर निघतो तो शिवरस्त्याने किंवा पाणंदीने. काळी माती ओली असेल, पाण्याची पाळी नुकतीच झालेली असेल, तर भरलेली ट्रॉली आसापर्यंत रुतते. अशा वेळी दोन्ही ट्रॉल्या एकदम बाहेर काढण्याचा प्रयत्न कोणी करीत नाही. एकेक ट्रॉली ओढून सडकेच्या कडेला आणायची, प्रसंगी पुढे दुसरा ट्रॅक्टर लावायचा, आणि मग दोन्ही जोडायच्या, अशी रीत आहे. याच वेळी ट्रॅक्टरची पुढची चाके उचललेली दिसतात. बघ्यांना ती गंमत वाटते. खरे पाहता मागची ओढ जेवढी जास्त आणि जोड जेवढा उंचावर, तेवढी पुढच्या चाकांची जमिनीवरील पकड कमी होत जाते. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग निरुपयोगी. म्हणून दांडी ट्रॅक्टरच्या ठरलेल्या खालच्या हुकालाच जोडावी लागते. ओढ वाढावी म्हणून वर कोठे जोड घेणे म्हणजे ट्रॅक्टर मागे पालथा पाडण्याची तयारी करणे होय. पुढे वजने लावणे, मागच्या टायरांत पाणी भरणे हे उपाय चालकांना माहीत असतात, पण ते चाकांची पकड वाढवतात, ट्रॉलीचे ब्रेक होत नाहीत.

भार रचण्याचे शास्त्र मुकादमाच्या टोळीला पुस्तकाविना येते. मोळ्या आडव्या-उभ्या कशा लावल्या म्हणजे ढीग सरकत नाही, हे तोडणी कामगारांना बापजाद्यांपासून ठाऊक आहे. परंतु ढीग न सरकणे आणि ट्रॉली स्थिर राहणे या दोन गोष्टी एक नव्हेत. दोन चाकी ट्रॉलीत मागच्या बाजूला अधिक ऊस पडला, तर तिची दांडी वर उचलली जाते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरील वजन कमी होते. म्हणजे जी दोन चाके ओढतात आणि थांबवतात, तीच हलकी होतात. शिवाय अशी ट्रॉली रस्त्यावर शेपटीसारखी डोलू लागते. मोटारघरामागे ट्रेलर जोडणारे अमेरिकन लोक ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग जोडावर येईल असा भार रचतात तो याच कारणासाठी. चार चाकी ट्रॉलीत जोडावर वजन येत नाही, पण उंचीचा प्रश्न राहतोच. ढीग जितका उंच तितका गुरुत्वमध्य वर, आणि साध्या वळणावरही उलटण्याची शक्यता अधिक. उंच ढीग गावातल्या लोंबत्या वीजतारांनाही लागू शकतो.

दुसऱ्या ट्रॉलीमुळे आणखी एक भर पडते. पहिल्या ट्रॉलीचा लहानसा झोल दुसऱ्या ट्रॉलीपाशी मोठा होऊन पोहोचतो. पुढे बसलेल्या चालकाला, मध्ये उसाचा डोंगर असल्याने, शेवटची ट्रॉली दिसतच नाही. दोन ट्रॉल्यांसह मागे घेणे जवळजवळ अशक्य, त्यामुळे अरुंद रस्त्यावर समोरून बस आली तर वाट देण्याचे काम नेहमी दुसऱ्याचेच होते.

सर्वांत अधिक जीव जातात ते मात्र याहून साध्या कारणाने. अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ट्रॉली दिसत नाही. ट्रॅक्टरपासून शेवटच्या ट्रॉलीपर्यंत वीजजोडणी नसते, असली तरी दिवे लोंबणाऱ्या वाढ्याखाली झाकले जातात, आणि ताशी वीसच्या वेगाने सरकणारा काळा आकार पन्नास-साठच्या वेगाने येणाऱ्याला थांबलेल्या भिंतीसारखाच असतो. हंगामाच्या आरंभी परिवहन कार्यालये, पोलीस आणि कारखाने ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या लावण्याची मोहीम घेतात. त्या पट्ट्यांनी जीव वाचतात, यात शंका नाही. पण डिसेंबरपर्यंत त्या चिखलाने माखतात आणि त्या पुसणे हे कोणाचेच काम नसते. त्याहून वाईट प्रकार आस मोडलेल्या ट्रॉलीचा. चालक मदत आणायला जातो, ट्रॉली रस्त्यातच उभी, भोवती मोठे दगड आणि बाभळीच्या फांद्या. दुरुस्ती होऊन ट्रॉली जाते, दगड तेथेच राहतात. परावर्तक त्रिकोण ट्रॅक्टरमध्ये ठेवणे एवढे अवघड का व्हावे, हे समजत नाही.

मग दोन ट्रॉल्या जोडतातच कशासाठी? तोडणी-वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात, तोही खर्च अखेर शेतकऱ्याच्या ऊसदरातून वजा होतो. कारखान्याच्या आवारात गव्हाणीपर्यंत पोहोचायला तासन्‌तास रांग लावावी लागते. एवढे थांबायचे तर एका खेपेत दुप्पट ऊस नेलेला बरा, हा वाहतूकदाराचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. तोडलेला ऊस वाळून त्याचे वजन आणि साखर दोन्ही घटत असल्याने शेतकऱ्यालाही घाई असते. अंतर वाढले की हे दडपण वाढते. किल्लारीचा सहकारी साखर कारखाना कित्येक वर्षे बंद होता. त्या काळात या शिवारातला ऊस बाहेरच्या कारखान्यांच्या वाटेला लागे. अलीकडच्या वर्षांत तो पुन्हा सुरू झाला. कारखाना जवळ असणे ही केवळ सभासदांच्या सोयीची नव्हे, तर रस्त्यावरच्या सुरक्षिततेचीही बाब आहे, हे कारखान्यांच्या चर्चेत क्वचितच बोलले जाते. (ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात ऊस किती असावा, हा वाद निराळा आणि मोठा आहे.)

ब्रेक असलेली ट्रॉली ही काही स्वप्नवत गोष्ट नव्हे. ट्रॅक्टरच्या तेलदाबावर चालणारे ब्रेक आहेत. ट्रॉलीने पुढे रेटा दिला की त्या रेट्यानेच आपोआप लागणारे साधे यांत्रिक ब्रेकही युरोपात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. खर्च ट्रॉलीमालकाचा, बचत मात्र रस्त्यावरच्या परक्या माणसाच्या जिवाची, म्हणून ते बसवले जात नाहीत. कारखाना वाहतूक करार करतो त्याच वेळी ब्रेक, मागचे दिवे आणि जोडसाखळी पाहिली गेली, तर पोलिसांनी रस्त्यात अडवण्याची वेळ कमी येईल. कारण हंगामात एकही खेप अशी नसते जी कारखान्याच्या काट्यावर येत नाही.

राहता राहिली परतीची खेप. काट्यावरून रिकाम्या होऊन निघालेल्या ट्रॉल्या निरुपद्रवी समजल्या जातात. प्रत्यक्षात रिकामी ट्रॉली खड्ड्यावर उसळते, दांडी दणके खाते आणि जोडाची पिन वर सरकते. ती पिन अडकवण्यासाठी मूळ खिटीऐवजी तारेचा तुकडा गुंडाळलेला असेल, तर ती केव्हातरी निसटते. दांडी आणि हुक यांच्याखालून एक मजबूत साखळी घेतलेली असली, तर सुटलेली ट्रॉली निदान ट्रॅक्टरच्या मागेच फरपटत राहते, समोरून येणाऱ्याच्या अंगावर जात नाही. पिन, खिटी आणि साखळी निघण्यापूर्वी हाताने तपासायला दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि परतीच्या खेपेला चालक बहुधा रात्रभर जागलेला असतो.